तुझं नाव कुणाला देऊ, दादा

दादा, मला नातू झालाय.

आधी एवढं सांगून टाकते, बाकीचं मग. चांगला गुटगुटीत आहे, रंग तुझ्या-माझ्या आईवर गेलाय, आणि भूक लागली की असा टाहो फोडतो की खालच्या मजल्यावरची माणसं छताकडे बघत असतील. कान मोठे आहेत. तुझेही होते, पण ते मी इथे कुणाला बोलले नाही. लेकाच्या लग्नाला इतकी वर्षं झाली होती की मी आशाच सोडली होती. देवापुढे बसायचे, पण मागायचं बंद केलं होतं. आणि आता या वयात हे. मी एकटीच हसते, दादा. भांडी घासता घासता हसते. सून म्हणाली, "आई, तुम्हाला काय झालं?" म्हटलं, मला कुठे काय झालंय, झालं ते तुला.

मी कॅनडात आहे. हॅलिफॅक्स नावाचं गाव, समुद्राकाठी. तुला नकाशात लगेच सापडलं असतं, मला लेकाने किती वेळा बोट ठेवून दाखवलं तरी मी दुसरीकडेच बघते. तो इथल्या हॉस्पिटलात कॉम्प्युटरचं काम करतो. गावाला बंदर आहे, आरमाराच्या करड्या बोटी उभ्या असतात, आणि धुकं असं की बस दिसायच्या आधी ऐकू येते. बर्फ अजून पडलं नाही, पण विंटर टायर लावून झालेत आणि बर्फ उपसायचं शोव्हल दाराशी आणून ठेवलंय, जसं आपल्याकडे पाहुणा यायच्या आधी गादी झटकून ठेवतात. मी बाळंतपणाला आले. डिंक, अळीव, बाळंतशोप सगळं बॅगेत भरून. विमानात बसले, पहिल्यांदाच. खिडकीजवळची जागा लेकाने मुद्दाम घेऊन दिली होती. मी पडदी खाली ओढली ती उतरेपर्यंत वर केली नाही. शेजारची बाई म्हणाली, आजी, ढग बघा ना किती छान. मी म्हटलं, तुम्ही बघा.

आता कशाला लिहायला बसले ते सांगते. परवा जेवताना लेक म्हणाला, "आई, नाव ठरलं. मामाचं ठेवायचं." आणि त्याने ते उच्चारलं. तुझं नाव, मोठ्याने, आमटी वाढ म्हणावं तसं. आणि मी काय केलं ठाऊक आहे? मी दाराकडे बघितलं. मान आपोआप वळली. दारात शोव्हल उभं होतं. मी ताटावरून उठले आणि वॉशरूममध्ये जाऊन बसले. लेक बाहेरून म्हणतो, "आई, अगं मला वाटलं तुला आनंद होईल."

मी आतूनच म्हटलं, "जित्या माणसाचं नाव ठेवतात का रे?"

मग तो हळू म्हणाला, "आई, मामा गेला. पन्नासाच्या वर वर्षं झाली."

"तू बघितलंस?"

"आई..."

"तू जन्मलाही नव्हतास. मग बोलू नकोस."

मग सुनेचा आवाज, नागपूरची आहे ती, फार गुणाची पोर, "मी ह्याला आधीच म्हणून राहिली होती, पहिले आईंना विचार. हा म्हणे, सरप्राइज देऊ." आणि मग दाराला तोंड लावून मला, "आई, तुम्ही नाही म्हटलं तर नाही ठेवणार. पण बाहेर या ना, जेवण थंड होऊन राहिलं."

बारसं रविवारी आहे. बाराव्या दिवशी करायचं ते राहिलं, कारण माझी लेक, म्हणजे बाळाची आत्या, नाशिकहून यायची होती आणि तिचा व्हिसा काही आला नाही. किती थांबणार? आता ठरलंय की आत्याच्या जागी मीच पाळण्याशी बसायचं आणि बाळाच्या कानात नाव सांगायचं. म्हणजे तुझं नाव माझ्याच तोंडाने. दादा, मी तुझं नाव जन्मात घेतलेलं नाही. मोठ्या भावाला नावाने कोण बोलवतं? तू दादा. शेजारणींशी बोलताना आमचा दादा, पोस्टमनला विचारताना दादाचं पत्र. आणि पहिल्यांदा घ्यायचं ते तुला गेलेला ठरवायला? एवढ्याशा कानात? पोरांना कळत नाही की ते मला काय करायला सांगतायत. तुला सांगावं तर तू असा.

तुला मी कधी एवढं लिहिलं नव्हतं. माझी उत्तरं अर्ध्या पानाची असायची, "तब्येत बरी आहे, आई बरी आहे, गाईला पाडी झाली". तू चिडून लिहायचास की पाडीला नाव तरी काय ठेवलंत ते लिही. चौथीत मला शाळेतून काढलं, आईचा दमा वाढला म्हणून, आणि तू शाळेतून आलास की दप्तर टाकून माझ्यापुढे पुस्तक धरायचास. मी भाकरी थापतेय, तू वाचायला लावतोयस, भाकरी करपतेय आणि आई दोघांना शिव्या घालतेय. जे काही चार शब्द लिहिता येतात ते त्या करपलेल्या भाकऱ्यांवर आलेत. पुढे तू विमानदलात गेलास तेव्हा तुझी पत्रं आईला मीच वाचून दाखवायची, आणि आई म्हणायची, "बघ, त्याने तुला कशाला शिकवलं ते."

तुझ्या फोटोत छातीवर एकच पंख आहे. तूच सांगितलंस, चालवणाऱ्याला दोन पंख, वाट दाखवणाऱ्याला एक. आईला केवढं हसू आलं होतं. मावशीच्या गावाला जाताना दोनदा चुकून तिसऱ्याच एसटीत बसलेला मुलगा सरकारच्या विमानाला वाट दाखवणार! अण्णा मात्र हसले नाहीत. आपले वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात, सगळी खडकीच त्या कारखान्याची, ते म्हणाले, "इथून पेट्या भरून जातात त्या कुठे जातात ते आता घरात कळेल." तू रजेवर आलास, ती शेवटचीच रजा. स्वयंपाकघरात मी दाणे भाजून पाखडत होते. मी विचारलं, दादा, तू करतोस तरी काय आत बसून? तर तू कोनाड्याशेजारच्या मोठ्या पेटीवर पालथा झालास, अंगात गणवेशाची विजार, डोकं पेटीच्या कडेबाहेर, आणि खाली मी पातेलं धरायचं. "डावीकडे, डावीकडे, अजून जरा, थांब, धर!" म्हणत एकेक दाणा सोडतोयस. पातेल्यात पडला की मी टाळ्या पिटते, बाहेर पडला की तू म्हणतोस वारा आडवा होता. स्वयंपाकघरात कसला वारा! मी हसून हसून लोळत होते. चुलीपाशी आई पाठमोरी होती. तिने वळून विचारलं, "खाली कोण असतं रे?"

तू म्हणालास, "धावपट्टी, आई. आम्ही बॉम्ब धावपट्टीवर टाकतो."

"आणि ह्यासारखा बाहेर पडला तर?" तिने पायाशी पडलेला दाणा उचलून दाखवला. "तिथे कुणाची चूल असली तर?"

तू पेटीवरून उतरलास आणि जमिनीवरचे सगळे दाणे गोळा केलेस, पाटाखालचे, चुलीमागचे, हात काळे करून घेतलेस. मी म्हटलं, राहू दे, मी झाडून घेते. तू म्हणालास, नको. एवढंच. दादा, इतकी वर्षं मी तुला एकच विचारायचं म्हणून ठेवलंय, त्या शेवटच्या रात्री वरून बॉम्ब सोडताना तुला आईचा तो दाणा आठवला होता का. आठवला असेल तर वाईट, आणि नसेल तरी वाईट. विमानाची पडदी मी त्यासाठीच खाली ओढली.

मग ती लढाई. एकाहत्तरची. तुला तिथलं ठाऊक, आमच्याकडचं सांगते. भोंगा वाजला की दिवे बंद, काचांना काळे कागद, आणि विमानं लोहगावकडून उठून आपल्या घरावरून जायची. आई प्रत्येक आवाजाला अंगणात. अण्णा ओरडायचे, आत ये, तर ती म्हणायची, "आपलंच आहे." त्या दिवसांत चांदणं फार पडायचं. मला वाटायचं, बरं आहे, दादाला वाट दिसेल. तुझ्या तुकडीतला एकजण नंतर घरी आला, त्याच्याकडून कळलं की चांदणं तुम्हाला नको असायचं. चांदण्यात खालच्याला विमान दिसतं. आणि अजून एक त्याने अण्णांना सांगितलं, बाहेर नळापाशी उभं राहून. चालवणाऱ्याची खुर्ची दाबली की त्याला बाहेर फेकते. तुझ्या जागेला तसली खुर्ची नव्हती. तुला उठून, दारापर्यंत जाऊन, उडी मारायची होती. अण्णांनी ते आईला कधी सांगितलं नाही. मी हंडा भरत होते म्हणून मला कळलं. मी ते दार किती वेळा उघडलंय, दादा. पोळ्या लाटताना, बसमध्ये, परवा इथे वॉशरूममध्ये बसल्या बसल्यासुद्धा. कधी ते उघडतं. कधी अडकतं.

तारेत "बेपत्ता" असं होतं. मेला असं नव्हतं. आईने तेवढा एक शब्द धरला. कैदी सुटून आले त्यांत तू नव्हतास, तर ती म्हणाली, सगळे थोडेच एकदम सोडतात. माझं लग्न झालं तेव्हा नवऱ्यामुलाचा कान पिळायला चुलतभाऊ पुढे आला, तर आईने त्याला मागे ओढलं. "तिचा भाऊ आहे. तो आला की पिळेल." कान पिळायचा राहिला तो राहिलाच. आमचे हे गमतीत म्हणायचे, "मी काहीही करीन, माझा कान पिळणारं कोणी नाही." म्हणायचे आणि मग माझं तोंड बघून स्वतःच स्वतःचा कान धरायचे. तेही गेले आता. फार चांगला माणूस होता, तुझं पटलं असतं.

बारा वर्षं झाल्यावर काका भटजींना घेऊन आले. ज्याचा देह मिळाला नाही त्याची गवताची बाहुली करतात, तिला त्याचं नाव देतात आणि तिला अग्नी देतात, म्हणजे तो सुटतो. काका रडत होते सांगताना, त्यांचं काही चुकलं नाही. पण आई उठून उभी राहिली. दम्याने वाकलेली बाई, अशी ताठ मी तिला पुन्हा बघितली नाही. "माझ्या मुलाचं नाव गवताला द्यायचं?" काका गेले. भटजी चहा न घेता गेले. पुढे काकांच्याच नातवाला तुझं नाव ठेवायचं निघालं, शूराचं नाव म्हणून, तर तिने तिथे जाऊन पाळण्यापुढे सांगितलं, "तो आहे. असलेल्याचं नाव दुसऱ्याला देत नाहीत." मरताना माझा हात धरून तिने मागितलं ते एवढंच, की भाऊबीज सोडू नकोस.

नाही सोडली. तुला ठाऊक आहे ना, भाऊ लांब असला तरी चंद्राला ओवाळतात आणि भाऊ नसला तरी चंद्राला ओवाळतात. त्यामुळे मला कधी ठरवावं लागलं नाही, दादा. पुण्यात गच्चीवरून, नाशकात लेकीच्या गॅलरीतून, मी ताट घेऊन उभी राहायचे आणि कोणी विचारलं नाही की तुझा भाऊ ह्यातला कुठला.

हे लिहिता लिहिता बाळ उठलं. दोन दिवस पुढे लिहायला जमलंच नाही, कारण मी इथे आग लावली. खरंच. बाळाला न्हाऊ घातलं आणि धुरी द्यायला पळीत कोळसा फुलवून वर ओवा नि लसणाच्या साली टाकल्या. किती थोडा धूर! तर छतावरचं ते गोल डबडं बोंबलायला लागलं, मग सगळी इमारत बोंबलायला लागली. तोच भोंगा. मी बाळाला उचलून टेबलाखाली शिरले. लेक धावत आला, "आई, टेबलाखाली काय, बाहेर चल!" सगळे बिऱ्हाडकरू कोट घालून रस्त्यावर, दोन लाल बंब, त्यातून माझ्या दीडपट उंच माणसं उतरली. लेक लाजेने लाल. "आई, धुरी? इथे? अपार्टमेंटमध्ये?" मी म्हटलं, "तुला दिली म्हणून तू एवढा वाढलास." त्या बंबवाल्याने पळी हुंगून बघितली आणि काहीतरी म्हणाला. सून हसायला लागली. म्हटलं, काय म्हणतो? "आई, तो म्हणतो, भूक लागून राहिली ह्या वासाने."

रस्त्यावर खालच्या मजल्यावरची एक म्हातारी वॉकर धरून उभी होती. माझ्याहूनही मोठी. मी थरथरत होते ते तिनेच बघितलं आणि स्वतःची शाल माझ्या पाठीवर टाकली. दुसऱ्या दिवशी बाळाला विणलेली टोपी घेऊन वर आली. मी तिला अळिवाचा लाडू दिला, तिने तो सबंध खाल्ला, तेव्हाच मला ती आवडली. मग फडताळावर तुझा फोटो बघून ती थांबली. तुझ्या छातीवरच्या पंखावर बोट ठेवलं. सून मधे बसून सांगत होती. म्हातारीच्या वडिलांनाही एकच पंख होता. त्या मोठ्या लढाईत, दुसऱ्या महायुद्धात, इथून पोरं पाठवली होती, ते बॉम्बच्या विमानात शेपटीकडे बंदूक घेऊन उलटं तोंड करून बसायचे. तुझ्याहून लहान होते. ही जन्मली ती ते गेल्यावर. विमान समुद्रात पडलं, त्यांचंही काही मिळालं नाही. मी तिचा हात धरला. दोघींनाही एकमेकींचं बोलणं येत नाही. मग सुनेने, भोळी आहे, बाळाच्या नावाचं तिला सांगितलं. म्हातारी हसली. म्हणाली, आमच्यात वडिलांचं नाव माझ्या मुलाला ठेवलं आणि नातवालाही तेच. रोज ओरडायचे मी त्या नावाने, बूट काढ, दूध सांडू नकोस.

मला राग आला, दादा. आमचं आणि तुमचं एक नाही, असं मनात म्हटलं. तिच्या आईला कुणीतरी स्पष्ट सांगितलं असेल. आमच्या आईला एक शब्द दिला होता आणि ती त्यावर मरेपर्यंत जगली.

मग भाऊबीज आली. दिवस मावळताना मी ताट केलं, सुपारी, अक्षता, निरांजन, आणि गॅलरीत गेले. धुकं. समोरची इमारत नाही, बंदर नाही, आकाश तर नाहीच. बोटींचे भोंगे तेवढे ऐकू येतायत. वाऱ्याने निरांजन विझलं, पुन्हा लावलं, पुन्हा विझलं. लेक कोट घेऊन मागे येऊन उभा राहिला, कोटाचा आडोसा धरला. "आई, थांब." त्याने फोन काढला, आकाशाकडे धरून फिरवला. "हे बघ, इथे आहे चंद्र. ढगामागे. जरा डावीकडे... अजून... हां, इथे." तुझं काम आता फोन करतो, दादा. मी तो म्हणेल तिकडे ओवाळायला लागले. आणि एकदम माझे हात थांबले. समोर काहीसुद्धा नव्हतं. पांढरं, ओलं, नुसतं. मी कुणाला ओवाळतेय? आई गेली, अण्णा गेले, काका गेले, तुझे मित्र असतील तर ते कुठे. तुझं नाव घेणारं एक तोंड पृथ्वीवर उरलं नाही. मी उरले, ती दादा म्हणणारी. आणि दादा तर प्रत्येक घरात एक असतो. मी गेले की तुला कोण, कशाने बोलावणार? आई ते नाव अंगणातून कशी ओरडायची, शेवटचं अक्षर लांबवून, की पार रेल्वेच्या फाटकापर्यंत ऐकू जायचं. किती वर्षांनी परवा ते जेवणाच्या टेबलावर कानावर पडलं आणि मी दाराकडे बघितलं. मला ते परत ऐकायचं होतं. बस्स. तू गेलास हे मला पटलं असं नाही, दादा, मुळीच नाही. मला हाव सुटली.

मी तिथेच रडायला लागले, मोठ्याने, लहान पोरासारखी. लेक घाबरला. "आई, राहू दे, दुसरं नाव ठेवू. हजार नावं आहेत."

मी म्हटलं, "म्हण बघू एकदा."

"काय?"

"मामाचं नाव. मोठ्याने म्हण."

त्याने म्हटलं. त्याला ते ओढून म्हणता येत नाही, पण म्हटलं. धुक्यात. मी म्हटलं, ठेवा.

बारसं झालं. सांगते कसं झालं. पाळणा नव्हता, बॅटरीवर हलणारा झोका होता, त्याला सुनेने स्वतःची पैठणी गुंडाळली. नातेवाईक कोण इथे, म्हणून कॉलेजात शिकणाऱ्या आपल्याकडच्या चार पोरी बोलावल्या. एक कॉफीच्या दुकानातून तशीच आली, टोपीसकट. घुगऱ्या काबुली चण्याच्या. खालची म्हातारी वॉकर घेऊन पुढच्या खुर्चीत. मी सुनेला म्हटलं, मी अशी, कुंकू नसलेली, मी कशी पुढे होऊ, त्या पोरींपैकी एकीला बसव. ती म्हणाली, "हे काय बोलून राहिल्या तुम्ही? चला, पदर खोचा." कानात कुर्रर्र केलं की पाठीत धपाटे घालायचे असतात हे पोरींना कुणीतरी नीट समजावलं नव्हतं. मी अजून वाकतेच आहे तर एकीने असा दणका घातला की माझा श्वासच अडकला. लेक ओरडला, "अगं हळू, आई आहे माझी!" सगळे हसले.

आणि मी वाकले, दादा. त्याच्या कानाला दुधाचा वास होता. तोंड उघडलं तर आवाजच नाही. पोरी वाट बघतायत. मला ते दार दिसत होतं, विमानाचं, आणि मीच ते बाहेरून लावून घ्यायला निघाले होते. मग जे बाहेर आलं ते "दादा" असं आलं. तेवढंच. कुणाला ऐकू गेलं नाही. त्याने डोळे उघडून बघितलं. मी म्हटलं, माफ कर, आणि मग घेतलं तुझं नाव. पूर्ण, आईसारखं शेवटचं अक्षर लांबवून, हळू. माझ्या तोंडाला ते अगदी परकं लागलं. मला वाटलं होतं काहीतरी होईल, दिवा विझेल, पोर किंचाळेल. काही झालं नाही. पाठीवर धपाटे पडले आणि टोपीवाल्या पोरीने घुगऱ्यांना चमचा मागितला.

आता थंडी वाढलीय, खिडकीला कडेने बर्फ धरतं. घरात दिवसभर ते नाव चाललेलं असतं. लेक कामावरून आल्या आल्या हाक मारतो. सून फोनवर आईला सांगते, त्याने आज मान धरली. खालची म्हातारीसुद्धा म्हणते, तिच्या जिभेवर ते गोल होऊन येतं. मी पहिले काही दिवस प्रत्येक हाकेला दाराकडे बघायचे, कपडे घडी करता करता थांबायचे. मी ते नाव घ्यायला शिकले. आधी हळू, मग रागाने. मुतलास का रे पुन्हा. नाव घेऊन ओरडले, तुझं नाव, आणि तो माझ्याकडे बघून तोंडभर हसला. दात नाहीत, नुसत्या हिरड्या.

हे पत्र आता घडी करून ठेवते. पाठवायची सोय असती तरीही पाठवलं नसतं, कारण ही पुढची ओळ तू वाचावीस असं मला वाटत नाही. काल सकाळपासून दिवे लागेपर्यंत त्या नावाने मी हाका मारत होते, दादा, आणि मला तुझी एकदाही आठवण आली नाही.